तिरक्या सुळ्याचे तीन साचे

सोमवार, संध्याकाळ

तिरके,

तू हॉकी खेळतेस?

प्रिय वगैरे नंतर बघू. आधी याचं उत्तर दे. जिला माझ्याबरोबर कोपऱ्यावर कॉफी प्यायला वेळ नव्हता, जी उभ्याउभ्याच "बोल काय ते पटकन, वर राउंड आहे" म्हणायची, ती तू मैदानावर काठी घेऊन चेंडूमागे पळतेस? कधी पळतेस? तुमच्या हॉस्पिटलवाल्यांनी दिवस लांबवून दिलाय की काय तुला?

मला कसं कळलं ते सांगतो, नाहीतर म्हणशील हा पुन्हा माझ्या मागावर. नाहीये. या खेपेला तूच माझ्याकडे आलीस.

सकाळी दवाखान्यांतून दातांचे ठसे आले. लॅबमध्ये रोजच येतात, ओल्या कापडात गुंडाळून, पिशवीवर नंबर घालून. पेशंटचं नाव आमच्यापर्यंत पोचत नाही. नंबर, वय, काय बनवायचं आणि कधी, कुठे पोचवायचं, एवढंच. या पिशवीवर होतं: स्त्री, पंचवीस, खेळताना दातांवर घालायचं गार्ड, वरचा जबडा, खेळ हॉकी, रंग लाल. मी मास्तरांना म्हणालोसुद्धा, "हॉकीवाली आहे, नीट करायला हवं. बिघडलं तर काठी घेऊन येईल." मास्तर हसले नाहीत. लॅबचे मालक सकाळच्या चहाआधी हसत नाहीत, तू भेटली आहेस त्यांना.

ठशात कोणी ओळखू येत नाही, नुसते खड्डे असतात. मी प्लास्टर कालवलं, ओतलं, बुडबुडे काढले, ते घट्ट व्हायला ठेवलं आणि एका आजोबांच्या कवळीला लागलो. मग ठसा सोलला, आणि आतून तू बाहेर आलीस.

डावा सुळा मान वळवून बाहेर बघणारा. पुढच्या दाताचा कोपरा उडालेला, लहानपणी झोपाळ्याची कडी लागून. तुझं तोंड माझ्या हातात होतं, पांढरंफटक आणि अजून कोमट. प्लास्टर घट्ट होताना तापतं, हे तुलाही माहीत आहे. मला आज ते पहिल्यांदा भलतंच वाटलं. साचा हातातून सुटला आणि फरशीवर आपटला. मागच्या दाढांचा तुकडा टेबलाखाली गेला.

"काय फुटलं रे?" मास्तर आतून ओरडले.

"काही नाही, कप!"

"इथे कप कुठून आला?"

ठसा तर सोलतानाच फाटला होता, म्हणजे त्यात पुन्हा प्लास्टर ओतता येणार नाही. मास्तरांना सांगितलं तर ते दवाखान्याला फोन करणार, दवाखाना तुला परत बोलावणार आणि तू कपाळाला आठ्या घालून परत तो लगदा तोंडात घेऊन बसणार. मी सांगितलं नाही. सांगायची गरजच काय? तुझं तोंड माझ्या घरी कपाटात आहे. एक नाही, दोन.

शनिवारी साडेपाचला गार्ड घालून बघायला येणार आहेस. पिशवीवर दवाखान्याचा पत्ताही आहे. पाठ झालाय. मी पाचला सुटतो, हे तुला वेगळं सांगायला नको.

ताई आत्ता दारात उभी राहून विचारून गेली, "पाचला सुटतोस, घरी यायला आठ वाजतात. असतोस कुठे?" मी म्हणालो, रहदारी. ती म्हणाली, "रोजची?"

तुझाच,
मी


मंगळवार

तिरके,

रात्रभर डोकं फिरलेलं होतं. रागाने, दुसरं काही नाही.

तुला आठवतं, कॉलेजच्या मागच्या जिन्यात बसून तू काय म्हणाली होतीस? तुझी आई बाबांची वाट बघून बघून एकटी जेवायला शिकली, असं सांगत होतीस. आणि मग म्हणालीस, "वेळ असलेला माणूस मिळाला ना, तर त्याच्या हातचं करपलेलंही खाईन मी." मी ते ऐकलं आणि तिथल्या तिथे ठरवलं. माझे बाबा काय वेगळे होते? हाडांचे डॉक्टर, गावभर प्रसिद्ध. घरी पाहुण्यासारखे यायचे. मी एकदा निबंधात त्यांच्याबद्दल लिहिलं होतं की "त्यांचे बूट फार चांगले आहेत." सकाळी तेवढेच दिसायचे.

म्हणून डेंटल कॉलेजच्या तिसऱ्या वर्षाला मी नाव काढून घेतलं. तुला न विचारता, हो. बाबा त्या दिवसापासून माझ्याशी ताईमार्फत बोलतात. डॉक्टर होणारा पोरगा कवळ्या घासतो, हे त्यांच्या पचनी पडत नाही. पण लॅब पाचला बंद होते. मास्तर घड्याळाकडे बघतही नाहीत, ब्रश धुतात, दिवा मालवतात, "चला" म्हणतात. कोणाची कवळी अडली असली तरी. मला हेच हवं होतं. मी तुझ्यासाठी संध्याकाळी मिळवल्या. आख्ख्या. माझ्या वयाचं कोण करतं हे?

आणि तू त्यावर जबड्याची सर्जरी घेतलीस. जिथे दिवस मावळलेला कळत नाही ते काम. आणि वर हॉकी!

असो. कामाचं सांगतो.

आज कपाटातला पहिला साचा पिशवीत घालून लॅबमध्ये नेला. दुसऱ्या वर्षाचा. आपल्याला एकमेकांचे ठसे घ्यायला लावले होते तेव्हाचा. तुला ओकारी येत होती आणि मी म्हणत होतो "नाकाने श्वास घे, नाकाने", आणि तू माझ्या हाताला चावलीस. तो साचा मी फेकला नाही. तुला सांगितलं होतं फेकला म्हणून.

गार्डसाठीची लाल प्लास्टिकची शीट संपली होती, म्हणून आधी पारदर्शक शीटवर करून बघितलं. शीट तापली, साच्यावर ओढली गेली, कडा कापल्या. सुरेख झालं. पण सवयीने मी ते नव्या, फुटक्या साच्यावर चढवून दिव्यासमोर धरलं, आणि सुळ्याच्या टोकापाशी पोकळी दिसली. पुढच्या दातांच्या कडांनाही. गार्ड म्हणतंय इथे दात आहे, आणि तिथे दात नाही.

मागे मास्तर कधी येऊन उभे राहिले कळलंच नाही.

"कोणाचं आहे हे?"

"याच नंबरचं."

"नंबर नको सांगू. कोणाचं तोंड आहे?" त्यांनी दोन्ही साचे हातात घेतले. नवा, जुना, पुन्हा नवा. मग फुटलेल्या दाढांकडे बघितलं. "हाच तो कप?"

मी टेबलाखालचा तुकडा काढून त्यांच्यापुढे ठेवला.

"ही ती तुझी, तिरक्या दाताची. ठसा द्यायला इथे आली होती ती."

"हो."

"आणि जुन्या साच्यावर तू आजचं गार्ड बनवतोयस. शहाणा आहेस. उद्या माझं लग्नातलं माप घेऊन मला पँट शिव." त्यांनी पारदर्शक गार्ड कचऱ्यात टाकलं. "दात खाते ही मुलगी झोपेत. घासलेत बघ. टोकं सपाट झालीत."

तुझा तो सुळा, ज्याच्या टोकाने तू बिस्किटाची पुडी फोडायचीस, तो खरंच बोथट झालाय. मी काल बघितला होता की! हातात धरून बघितला होता. दिसलं नाही.

आणि मग, खरं सांगू, मला आनंद झाला. कारण हे तुझ्या हॉस्पिटलने केलंय. मी सांगत नव्हतो का? हे काम तुला खाईल म्हणत होतो. ते तुला खाता खाता तुझे दातही खातंय. शनिवारी मी दोन्ही साचे घेऊन येणार आहे. दवाखान्याच्या बाकावर ते शेजारीशेजारी ठेवणार आणि एक शब्दही बोलणार नाही. दंतवैद्याला दात बघून कळायला हवं.

तुझाच


बुधवार

तिरके,

लिहू की नको, कळत नाहीये.

आज दुसरा साचा नेला. तुझ्या वाढदिवसाचा. मी लॅबमध्ये जरा रुळलो होतो आणि हट्ट धरला होता की माझं पहिलं स्वतःचं काम तुझ्यासाठी करणार. तू आलीस, खुर्चीवर बसलीस, सारखी मोबाईलवर वेळ बघत होतीस. मास्तर म्हणाले, "पोरी, तोंड मोठं उघड, हा तुझ्यावरच शिकणार आहे." तू हसलीस. त्यानंतर महिन्याभरातच आपलं फिसकटलं, म्हणून ते काम तसंच राहिलं.

तो साचा दिवसा कपाटात आणि रोज रात्री माझ्या उशाशी असतो. लाज वाटते लिहायला, पण असतो.

नेला कशासाठी? माझा हिशेब सोपा होता. हा तुझ्या हॉस्पिटलच्या आधीचा, म्हणजे यात सुळा टोकदार असणार. मग तिन्ही ओळीने मांडले की बोलायलाच नको. मी पारदर्शक शीट त्याच्यावर ओढली, कापली आणि नव्या साच्यावर ठेवली.

बसली, टक् आवाज करून.

दिव्यासमोर धरली. कुठेही पोकळी नाही. सुळ्याचं टोक, पुढच्या कडा, सगळं भरलेलं. मी काढली, पुन्हा घातली. वाटलं साचे बदलले असतील. तळाला तारीख कोरलेली असते, माझ्याच अक्षरात. वाचली. पुन्हा वाचली. मग स्टुलावर बसलो.

म्हणजे वाढदिवसालाच तुझे दात घासलेले होते. आणि त्यानंतर, या सगळ्या हॉस्पिटलच्या काळात, ते जसेच्या तसे आहेत. तू थांबलीस. दात खायची थांबलीस.

"परीक्षा होत्या तेव्हा तिच्या," मी मास्तरांना म्हणालो. त्यांनी काही विचारलंही नव्हतं.

"हां."

"शेवटचं वर्ष होतं. ताण असतो."

"असतो ना." ते आजोबांच्या कवळीला पॉलिश करत होते. "आता जिथे आहे तिथे ताण नसेल. जबडे जोडायचे म्हणजे विरंगुळाच."

मला इतका राग आला की मी हातातलं पाणी सांडून बाहेर गेलो. बाहेर उभा राहिलो आणि एकेक गोष्ट आठवायला लागली. न बोलावता.

तू म्हणायचीस, "हल्ली सकाळी उठलं की जबडा दुखतो रे." मी म्हणायचो, "मग सोड ना ते सर्जरीचं खूळ, मी आहे की." तुला आठवत असेल. मला आज आठवलं.

आणि ते लाँड्रीचं दार.

हे मी कधी कोणाला सांगितलं नाही. मी कॉलेजच्या हॉस्पिटलच्या गेटवर उभा असायचो, पाच वाजून गेले की. रोज. पावसात, उन्हात, तू "आज नको" म्हणालीस तरी. कारण माझ्याकडे वेळ होता! एकदा तो वॉचमन म्हणाला, "साहेब, मॅडम कधीच्या गेल्या, मागच्या दाराने, लाँड्रीतून." मला वाटलं, घाईत असशील. दुसऱ्या दिवशीही लाँड्री. तिसऱ्या दिवशी मी लाँड्रीच्या दाराशी जाऊन उभा राहिलो. तू चादरींच्या गाड्यामागून बाहेर आलीस, मला बघितलंस, आणि तुझा चेहरा... मी त्याला आश्चर्य समजलो होतो. मी तुला सांगितलंसुद्धा, "कशी पकडली!"

तेव्हाच म्हणालीस ना तू? "मला पाच वाजायची भीती वाटते." मी घरी येऊन ताईला सांगितलं, तिला कामाची भीती बसलीये.

आज लिहवत नाही.


शुक्रवार

तिरके,

काल लिहिलं नाही. लाल शीट आज आली.

मास्तरांनी फुटका तुकडा स्वतः चिकटवून दिला. सांधा शोधावा लागतो इतका बारीक. मी त्याच्यावर तुझं गार्ड केलं, एकट्याने. शीट जाड असते ही, जरा जास्त तापली की सुळ्यावर पातळ होते, आणि तुझा सुळा बाहेर आलेला, म्हणजे काठी लागली तर आधी तिथेच लागणार. दोनदा केलं. पहिलं मला आवडलं नाही. हिरडीजवळची कड घासून इतकी गुळगुळीत केली की जीभ लागली तरी कळू नये.

एक गोष्ट लक्षात आली, तीही मला हादरवून गेली. करताना मी तुझा विचार करत नव्हतो. कडेचा करत होतो. मला हे काम आवडतं. मी इतके दिवस सगळ्यांना सांगत फिरतोय की मी हे तिच्यासाठी पत्करलं. बाबांना सांगितलं, तुला तर रोजच ऐकवलं. तसं काही नाही. उद्या लॅब सातला बंद व्हायला लागली तरी मी इथेच येईन.

संध्याकाळी मास्तर ब्रश धूत होते, तेव्हा मी विचारलं, "तुम्ही पाचनंतर काय करता?"

इतकी वर्षं त्यांच्याकडे आहे, कधी विचारलं नव्हतं.

"गाणं शिकतो," ते म्हणाले.

"तुम्ही?"

"का, माझ्या नरड्याला कवळी बसवलीये? बाई म्हणतात सूर लागत नाही, पण येत जा. मागच्या रांगेत हळू गा." त्यांनी दिवा मालवला. "तू काय करतोस?"

मी म्हणालो, "घरी जातो."

आता तुला तरी खरं सांगतो. मी अजूनही गेटवर जातो. तू त्या कॉलेजात नाहीस, तुझं नवं हॉस्पिटल कुठे आहे तेही मला माहीत नव्हतं, तरी मी पाचला सुटून तिथे जातो आणि समोरच्या कट्ट्यावर बसतो. वॉचमन बदलला. नव्याला वाटतं मी कोणाचा तरी भाऊ आहे. संध्याकाळी मिळवल्या ना मी! मग न्यायच्या कुठे? दुसरी जागाच माहीत नाही. तू मला सोडून गेलीस त्यानंतरही मी तुझी वाट बघायची नोकरी चालूच ठेवली, बिनसुट्टीची. बाबा निदान पेशंट तरी बघायचे.

उद्या शनिवार. गार्ड मास्तरांच्या टेबलावर डब्यात आहे. पोचवणारा चारला येतो. मी म्हणालो तर मास्तर मलाच नेऊ देतील. दवाखाना दोन गल्ल्यांवर आहे, मी काल बघून आलो. बाहेर बाक आहे. निळा.

मला नुसतं विचारायचंय, तिरके. जबडा दुखायचा थांबला का, एवढंच. एवढं विचारायला आलो तर?


शनिवार

तिरके,

चारला पोचवणारा आला. मी डबा हातात धरून उभा होतो. शर्ट इस्त्रीचा होता, मास्तरांच्या नजरेतून सुटला नाही.

"देतोस की नेतोस?" ते म्हणाले.

तुझा चेहरा आठवला, चादरींच्या गाड्यामागून आलेला. या वेळी त्याला आश्चर्य म्हणता येईना. त्या बाकावर मी बसलेला दिसलो असतो तर तू हसली असतीस, दोन शब्द बोलली असतीस, गार्ड घालून बघितलं असतंस, "छान बसलंय" म्हणाली असतीस. आणि रात्री झोपेत दात आवळले असतेस. मग एवढी मेहनत करून बनवलेलं गार्ड मीच खराब केलं असतं.

डबा दिला. आत गार्डशिवाय काही नाही. ही पत्रं ठेवायचा मोह झाला होता, पण तोंडात जाणाऱ्या वस्तूबरोबर दुसरं काही ठेवायचं नाही हा मास्तरांचा नियम आहे. तुलाही तो पटेल.

दोन्ही जुने साचे आमच्या फुटक्या प्लास्टरच्या पिंपात टाकले. वाटलं होतं, हात उचलणार नाही. उचलला. पहिला तळाशी गेला, दुसऱ्याचे तुकडे झाले. सुळा सुटा होऊन वर राहिला. तरी तिरकाच.

पाचला मास्तर म्हणाले, "चला." मी रस्त्यावर आलो आणि पाय गेटकडे वळले. पायांना बिचाऱ्यांना कुठे माहीत! मी त्यांना ओढून घरी आणलं.

ताईने दार उघडलं आणि घाबरलीच. "काय झालं? काढून टाकलं?"

"नाही."

"ताप आहे?" कपाळाला हात लावून बघितला. "मग आत्ता कसा आलास? साडेपाच वाजतायत!"

"पाचला सुटतो ना मी."

ती आत गेली आणि भांड्यांचा आवाज झाला. मी मागे गेलो. ती फडताळातून दुसरा कप काढत होती, मागे ढकलून ठेवलेला, आणि तो पुसताना तोंडाने चालूच होतं.

"तू म्हणालास ना, आता पाचला सुटणार, संध्याकाळी घरी असणार? मी मेली खरं समजले. रोज दोन कप चहा टाकायचे. एक गार व्हायचा. टाकवत नाही म्हणून तोही मीच प्यायचे. पित्त काय उगाच झालं मला? मग सोडला नाद."

"कधीची गोष्ट?"

"तू नोकरीला लागलास तेव्हाची, अजून कधीची? तुझे भाऊजी म्हणायचे, अगं येईल तो. म्हटलं, त्याला रहदारी लागते."

तिरके, मला काल, परवा, तेरवा जेवढे धक्के बसले ना, त्यांत असा एकही नव्हता. मी ओट्याला धरून उभा राहिलो. मी तिकडे कट्ट्यावर बसून कोणाला वेळ नाही म्हणून दात खात होतो, आणि इकडे माझ्या नावाचा चहा गार होत होता.

"उकळला का? साखर घाल," ताई म्हणाली. "आणि आलायस तर बस, लसूण सोल. नुसता उभा राहू नकोस असा. तू उभा राहिलास की माणसाला काम सुचत नाही."

ती सहज म्हणाली. तिला काही माहीत नाही. मी खाली बसलो आणि लसूण घेतला.

सोलून झाला. त्याच हाताने हे लिहितोय, वास येतोय कागदाला. बरंच आहे की हा पाठवायचा नाही.

आत्तापर्यंत तू गार्ड घालून बघितलं असशील. सुळ्यापाशी टोचणार नाही. तिथे मी शीट जाडच ठेवलीये, काठी लागली तरी काही होणार नाही. बिनधास्त घुसत जा.

ताई हाक मारतेय. चहा उतू चाललाय म्हणते.